अँटिपोडीजची शैक्षणिक सहल

लेकीचा निरोप आला तेव्हा मोजणीकाका स्टुलावर चढून छताच्या पंख्याच्या पात्यांमधलं अंतर मोजत होते. पंखा आवाज करतो, एवढं निमित्त त्यांना पुरेसं होतं. भूमापन खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मोजायला जमीन मिळेनाशी झाली, की तो हाताला लागेल ते मोजतो. घरातल्या सगळ्या दारांची उंची, जिन्याच्या पायऱ्यांची खोली, शेजाऱ्यांच्या कुंड्या आपल्या बाजूला किती बोटं आल्या आहेत ते, असं सगळं त्यांच्या वहीत होतं. इमारतीतले लोक त्यांना मोजणीकाका म्हणत. काका हा बहुमान समजत, आणि तो बहुमान नव्हे हे सांगण्याइतकं वाईट मन इमारतीत कुणाचं नव्हतं.

"तिचा निरोप आलाय," काकू फोन हातभर लांब धरून म्हणाल्या.

"बरी आहे ना?" काका वरूनच म्हणाले. दर वेळी ते एवढंच विचारत.

"तुमच्यासाठी आहे."

स्टूल हललं. काकूंनी एका हातानं स्टूल आणि दुसऱ्या हातानं फोन सावरत वाचून दाखवलं: बाबांना सांग, पुढच्या नाही त्याच्या पुढच्या शुक्रवारी, दुपारी तीन बेचाळीसला, आमचं जहाज आपल्या गावाच्या अँटिपोडीजवरून जाणार आहे. पहाऱ्यावर मीच असेन.

काका खाली उतरले. पंखा पुढं कित्येक दिवस तसाच आवाज करत राहिला.

त्यांची लेक मालवाहू जहाजावर अधिकारी होती. घर सोडताना बापलेकीत जे बोलणं झालं, ते इथं सगळं सांगण्यात अर्थ नाही. काका म्हणाले होते, "जिथं खुंटी ठोकता येत नाही, तिथं कसली आलीय नोकरी?" आणि ती म्हणाली होती, "बाबा, तुम्ही जन्मभर लोकांची कुंपणं मोजलीत, मला कुंपणाबाहेर जायचंय." झालं एवढंच. पण दोघंही एकाच मुशीतली असल्यामुळे त्यानंतर दोन वर्षं नऊ महिने तिचे फोन काकूंच्या फोनवर येत. फोन आला, की काकांना नेमकं त्याच खोलीतलं घड्याळ पुसायचं असायचं. जगात इतकं स्वच्छ घड्याळ दुसरं नसेल. ती विचारायची, "बाबा कसे आहेत?" काकू म्हणायच्या, "घड्याळ पुसतायत." संवाद संपला.

आणि आता थेट निरोप. तोसुद्धा एका अशा शब्दाचा, जो काकांनी जन्मात ऐकला नव्हता.

"विचारू का तिला, म्हणजे काय ते?" काकूंनी विचारलं.

"काही गरज नाही. मला माहीत आहे," काका म्हणाले, आणि चपला घालून खाली केमिस्टकडे गेले.

केमिस्टनं शब्द दोनदा म्हणवून घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "जेवणाआधी घ्यायचंय की जेवणानंतर?" सुरुवातीला 'अँटि' असलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या मते फडताळात असायलाच हवी होती. तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी तिथं आले. या गृहस्थांना कुठल्याही विषयावर 'माहीत नाही' म्हणताना आजवर कुणी ऐकलेलं नाही. सगळा निरोप ऐकून ते म्हणाले, "अहो, हे वाळवीवरचं औषध. गेल्या साली जिन्याखाली मारलं नव्हतं का? पण त्याच्यावरनं जहाज कशाला नेतायत?"

म्हणून काकांना तिसऱ्या मजल्यावर मास्तरांकडे जावं लागलं. मास्तरांनी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि गेली दहा वर्षं कुणी तरी इंग्रजीतलं काही तरी विचारायला येईल म्हणून दार नुसतं लोटून ठेवलं होतं. शब्द ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जसा हरवलेला नातेवाईक सापडल्यावर दुसऱ्या कुणाचा होईल.

"बसा," ते म्हणाले. "हा शब्द उभ्यानं सांगायचा नाही. म्हणजे खरं तर उभ्यानंच सांगायचा आहे, पण तुम्ही बसा."

आणि त्यांनी सांगितलं. शब्द मूळचा ग्रीक. अँटि म्हणजे समोरासमोर, आणि पुढच्या तुकड्यात पाय. पायासमोर पाय. तुम्ही उभे आहात तिथून पृथ्वीच्या पोटातून सरळ सुई आरपार घातली, तर ती पलीकडे जिथं निघेल, तिथं जो कुणी उभा असेल, त्याचे तळपाय तुमच्या तळपायांना लागून असतात. मधे फक्त पृथ्वी. हे असे तळपायाला तळपाय लावून उभे असलेले लोक म्हणजे अँटिपोडीज.

"लोक? मला वाटलं जागा," काका म्हणाले.

"आज जागेलाच म्हणतात. पण मुळात शब्द माणसांचा होता. जागा मागाहून आली." मास्तरांनी चष्मा काढला. "आणि गंमत अशी, की पंडितांमधे शेकडो वर्षं वाद चालला होता, अशी माणसं असतील तरी का. काही जण म्हणायचे, शक्यच नाही. तिथं झाडं खाली वाढणार, पाऊस वर पडणार, माणसं डोकं खाली करून लोंबकळणार. कुणी पाहून आलं नव्हतं, पण नाव मात्र ठेवून झालं होतं. माणूस दिसायच्या आधी त्याच्यासाठी शब्द तयार."

मागोमाग आलेले सेक्रेटरी दारातूनच म्हणाले, "म्हणजे मोजणीकाका, तुमची लेक त्या वेळी उलटी असणार?"

"ती सरळच असणार," मास्तर म्हणाले. "तिच्या दृष्टीनं आपण उलटे."

घरी आल्यावर काकांनी जोडे काढले आणि मोजे काढले. मग सबंध संध्याकाळ खोलीत अनवाणी फिरत राहिले, अधूनमधून थांबून फरशीकडे बघत. काकूंना वाटलं, वाळवी लागली.

आता दुसरा कुणी बाप असता, तर त्या शुक्रवारी तीन बेचाळीसला आपल्या बाल्कनीत उभा राहिला असता, मनातल्या मनात हात हलवला असता आणि चहा घेतला असता. पण 'गावाच्या अँटिपोडीजवरून' हे वाक्य काकांना सहन होईना. गाव साडेसहा किलोमीटर लांब. त्यातल्या कुठल्या जागेवरून? मोघम हद्दीवरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात, हे त्यांनी छत्तीस वर्षं पाहिलं होतं.

"तिला विचार," ते काकूंना म्हणाले, "अक्षांश आणि रेखांश. सेकंदापर्यंत."

"तुम्हीच विचारा की. बोटं मोडली नाहीत तुमची."

"तू विचार. मी घड्याळ बघतो."

दोन दिवसांनी आकडे आले. "तिनं आणखी एक पाठवलंय," काकू म्हणाल्या, "फोनमधे एक ठिपका दिसतो, त्याच्यावर..."

"आकडे आले ना? पुरे झालं. फोनमधल्या ठिपक्याला खात्यात नोकरी कुणी दिली?"

काकांकडे खात्याच्या नकाशाची प्रत होती. तिच्यावर गावातली प्रत्येक भिंत, विहीर आणि भांडण दाखवलेलं होतं. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला गेला आणि पुढचे चार दिवस घरातली माणसं ओट्यापाशी उभ्यानं जेवली. काकांनी उत्तरेचं दक्षिण केलं, पूर्वेचं पश्चिम केलं, तीन वेळा ताळा केला आणि टोकदार पेन्सिलीनं एक बिंदू दिला. बिंदू गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात पडला. टाकी क्रमांक दोन आणि टाकी क्रमांक तीन यांच्या मधल्या अरुंद पुलावर.

इथून खऱ्या अर्थानं प्रकरण सुरू झालं.

पाणीपुरवठा कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली.

"कशासाठी जायचंय आत?"

"उभं राहायला."

"उभं राहून?"

"उभंच राहायचंय. तीन बेचाळीसला. एक मिनिट. फार तर दोन."

साहेबांना काकांबद्दल आदर वाटला असावा, कारण त्यांनी खुर्ची दिली. "त्याचं काय आहे, उभं राहण्यासाठी आपल्याकडे तरतूद नाही. आत तीन प्रकारची माणसं जाऊ शकतात. एक दुरुस्तीचा ठेकेदार, दोन वरिष्ठ पाहुणे, तीन शैक्षणिक सहल. तुम्ही दुरुस्ती करता का?"

"नाही."

"वरिष्ठ आहात का?"

काकांनी नाइलाजानं खरं सांगितलं. "होतो."

"होतो चालत नाही. मग सहल." साहेबांनी खणातून फॉर्म काढला. "कमीत कमी वीस विद्यार्थी. सोबत एक शिक्षक. प्रत्येक विद्यार्थ्याचं पालकांचं संमतिपत्र. वयाची अट..." त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "वयाची अट लिहायला विसरलेत वाटतं."

सरकारी फॉर्म करणाऱ्याच्या विसराळूपणावर या जगात कितीतरी चांगली कामं उभी आहेत.

मास्तर शिक्षक व्हायला एका पायावर तयार झाले. सेक्रेटरींनी इमारतीच्या फळ्यावर सूचना लावली: 'पाण्याची टाकी पाहण्यासाठी ज्येष्ठांची शैक्षणिक सहल. डबा आपापला.' वीस नावं अर्ध्या दिवसात भरली. पाच जण वाट बघणाऱ्यांच्या यादीत गेले, त्यातल्या एका आजींनी तर सेक्रेटरींशी बोलणं टाकलं. पृथ्वीच्या पलीकडून जाणाऱ्या मुलीची बातमी एव्हाना सगळ्यांना कळली होती, आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी पलीकडं होतंच. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी काकांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माझा मुलगा तिकडं जमिनीवर आहे, नोकरीत. जरा तिरका येतो. चालेल ना?" काका म्हणाले, "चालेल. कोण बघतंय."

पालकांच्या संमतीचा मोठाच घोळ झाला. सरासरी वय बहात्तर, तेव्हा पालकांना विचारायचं तर थोडं लांब जावं लागलं असतं. साहेबांनी तोडगा काढला: पालक हयात नसतील तर जो सांभाळतो त्याची सही. त्या संध्याकाळी इमारतीत मुलं आणि सुना आपल्या वडीलधाऱ्यांची संमतिपत्रं भरत होत्या, आणि त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते. एका सुनेनं 'विद्यार्थ्याचा स्वभाव' या रकान्यात तीन ओळी लिहून वर पुरवणी जोडली.

काकांनी आपलं पत्र टेबलावर ठेवलं. 'विद्यार्थ्यास सांभाळणाऱ्याचे नाव' या ओळीपाशी त्यांचं पेन थांबलं. त्या ओळीत एक अक्षर त्यांनी लिहिलं, आणि काकूंनी ते पाहिलं. लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर होतं.

"तिची सही कुठून आणणार?" काकू म्हणाल्या. मग त्या अक्षरावर रेघ न मारता त्यांनी पुढं आपली सही केली. "जा आता. पडू नका म्हणजे झालं."

"तू येत नाहीस?"

"मला कुठं विचारलंत?" काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. काकांनी वहीत पाहिलं. खरंच विचारलं नव्हतं. पण वीस जागा भरल्या होत्या.

शुक्रवारी अडीच वाजता एकवीस ज्येष्ठ दोन रांगा करून केंद्राच्या फाटकाशी उभे राहिले. मास्तरांच्या गळ्यात शिट्टी होती. कार्यालयानं माहिती द्यायला एक कर्मचारी नेमला होता. पाइपांवर हयात गेलेला, अंगानं सडपातळ, आणि सहलीसमोर करायचं भाषण पाठ असलेला. भाषण गाळायला बंदी होती, तसा नियमच होता.

"पहिल्या टप्प्यात पाण्यातील गाळ..." त्यानं सुरू केलं.

"आमच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी सातनंतर नळाला करंगळीएवढी धार येते," एक आजी म्हणाल्या. "तो कितवा टप्पा?"

"प्रश्न शेवटी."

"आमचं वय बघता शेवटपर्यंत थांबायचं म्हणजे जोखीम आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. तीन वाजले. तीन दहा झाले. सहल टाकी क्रमांक एकपाशीच अडकली होती, आणि सेक्रेटरी तुरटीचे घरगुती उपयोग कर्मचाऱ्यालाच समजावून सांगत होते. काका रांग मोडून निघाले तशी मास्तरांची शिट्टी वाजली. पण ती सवयीनं वाजली होती.

तीन चोवीसला काका पुलावर होते. त्यांनी खिशातून ओळंबा काढला, दोरी सोडली, वहीतले आकडे पाहत दोन पावलं पुढं, अर्धं पाऊल डावीकडं, आणि खडूनं फुली मारली. दोन्ही बाजूंना पाणी शांत होतं. काकांनी जोडे काढून बाजूला ठेवले. सहल आता काठाशी येऊन उभी राहिली होती, आणि कुणीही न सांगता सगळ्यांनी टोप्या काढल्या. एवढ्यात मास्तरांनी चुकून आपला फोन पाहिला.

"काका," ते म्हणाले, "राग मानू नका. तुमचे ते आकडे मी फोनमधे घातले होते, तर फोन म्हणतोय आपण तिथं नाही आहोत."

"फोनला काय कळतंय! हा खात्याचा नकाशा आहे."

नकाशाचं नाव निघताच कर्मचाऱ्यानं मान वर केली. भाषण सोडून तो प्रथमच स्वतःच्या शब्दांत बोलला. "भूमापनचा जुना नकाशा? मग तीनशे चाळीस मीटर पूर्वेला धरा साहेब. आम्ही पाइप खणताना नेहमी तसंच करतो. तुमच्या लोकांनी ज्या दगडापासून मोजायला घेतलं, तो दगडच मुळात चुकीच्या जागी होता. सुरुवातीला तीन वेळा आम्ही दुसऱ्याच्याच अंगणात निघालो."



"मग खात्याला कळवलं का नाही?" काकांचा आवाज खोल गेला.

"कळवलं ना! बारा वर्षं झाली. उत्तरही आलं." कर्मचारी सौजन्यानं म्हणाला. "नकाशा बरोबर आहे, जमीन तपासून घ्यावी. कार्यालयात फ्रेम करून लावलंय आम्ही. खाली सही आहे." त्यानं गळ्यात अडकवलेल्या पाहुण्यांच्या यादीवर बोट ठेवलं, काकांच्या नावासमोरच्या सहीवर. "बरीचशी अशीच आहे."

माणसाची अब्रू जायला मुहूर्त लागत नाही, पण ती वीस जणांसमोर दोन टाक्यांच्या मधे अनवाणी जावी, हा योग विरळा. तरी काकांनी घड्याळ पाहिलं. तीन एकोणतीस. तेरा मिनिटं, तीनशे चाळीस मीटर. त्यांनी जोडे हातात घेतले आणि धावले.

फाटकाशी पहारेकऱ्यानं हात आडवा केला. "सहल एकत्र आत आली, एकत्र बाहेर जाईल. एकवीस मोजून घेतले होते, एकवीस मोजून देणार."

आयुष्यभर मोजणी केलेला माणूस मोजणीसाठी अडला होता. मास्तरांनी जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. सहल आली. एकोणीस भरले. काकांनी उलटे मोजले, तरी एकोणीस. एक आजोबा मुतारीत होते आणि त्यांचं घाईचं वय उलटून गेलं होतं. दुसरे सेक्रेटरी. त्यांनी टाकीला टाळं कुठल्या कंपनीचं लावलंय ते बघायला घेतलं होतं. शेवटी एकवीस झाले, पहारेकऱ्यानं नोंद केली, वेळ घातली, पेन झटकलं आणि सही केली. तीन सदतीस.

तीनशे चाळीस मीटर हे अंतर पक्ष्याचं. माणसाला केंद्राच्या भिंतीला वळसा घालून जावं लागतं. रस्त्यावरच्या लोकांनी त्या दिवशी एक चमत्कारिक दृश्य पाहिलं. पुढं जोडे हातात घेऊन धावणारा एक गृहस्थ, त्याच्या मागं शिट्टी वाजवणारा दुसरा, हातातला फोन बघत "उजवीकडं! अजून उजवीकडं!" म्हणणारा, आणि मागं डबे घेतलेले ज्येष्ठ, दोन रांगा न मोडता.

"थांबा!" मास्तर ओरडले. "इथं! या दुकानात! मधोमध!"

दुकानाच्या काचेवर लिहिलं होतं: ब्यूटी पार्लर. फक्त महिलांसाठी.

तीन चाळीस. काकांनी केसांवरून हात फिरवला आणि दार ढकललं.

"काका, जेन्ट्सना नाही आत," पार्लरवाली म्हणाली. तिच्या एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात ब्रश.

"ताई, मला काही करून घ्यायचं नाहीये. फक्त उभं..."

"येऊ दे गं त्यांना," मधल्या खुर्चीतून आवाज आला. "माझे आहेत."

खुर्चीत काकू बसल्या होत्या. केस मागं बांधलेले, गळ्याभोवती पांढरं फडकं.

काकांना धाप लागली होती, नाही तर ते नक्की काही तरी बोलले असते.

"तिला मी सरळ विचारलं," काकू म्हणाल्या, "बाई गं, मी नेमकं कुठं येऊन थांबू? तिनं फोनवर ठिपका पाठवला. इथं आला. नुसतं बसू देणार नाहीत म्हणून अपॉइंटमेंट घेतली."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगत होते. तुम्ही त्याची नोकरी काढलीत."

"काकू, लेप लावायला घेऊ?" पार्लरवालीनं विचारलं.

"बेचाळीस होऊ दे गं. मग लाव."

काकूंनी सपाता काढून पाय फरशीवर टेकवले होते. काका खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले. काचेबाहेर एकोणीस ज्येष्ठ आणि एक शिट्टी, सगळे श्वास रोखून. पहिल्या मजल्यावरचे आजोबा जरा तिरके उभे होते.

तीन बेचाळीस झाले.

काहीही झालं नाही. पंखा फिरत होता. कोपऱ्यात कुणाचे तरी केस वाळवायचं यंत्र घूं घूं करत होतं. फरशी गार होती. काकांनी अंगठ्यापासून टाचेपर्यंत सगळा तळपाय फरशीवर दाबून धरला, जसं लहान मूल पाण्यात बुडवलेला पाय काढायला तयार नसतं. जमिनीखाली काय काय असतं याची शाळेत शिकलेली नावं त्यांना आठवेनात. फक्त एवढंच कळत होतं, की हे सगळं दगडाचं आणि आगीचं जाडजूड प्रकरण आहे, आणि ते फार जाड आहे. काकूंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली होती. मग तीन त्रेचाळीस झाले आणि काकूंनी बाही सोडली.

"लाव गं," त्या म्हणाल्या.

बाहेर मास्तरांनी अतिशय हळू शिट्टी वाजवली आणि सहल डबे खायला गेली. पार्लरवालीनं काकूंच्या चेहऱ्यावर जाड लेप दिला. "आता अर्धा तास बोलायचं नाही, हसायचं नाही, तोंडावरची रेघ हलवायची नाही," असं बजावून ती काकांसाठी स्टूल घेऊन आली. काका बसले. इतका वेळ एका जागी बसून काहीही न मोजण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

चार वाजून सात मिनिटांनी काकूंच्या मांडीवरचा फोन वाजला. लेकीचा पहारा चारला संपला असणार. काकूंनी फोनकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि लेपाकडे बोट दाखवलं. मग फोन उचलून काकांच्या हातात दिला. घड्याळ भिंतीवर होतं, पण ते पार्लरवालीचं होतं. पुसण्याची सोय नव्हती.

"आई?"

"आई नाही," काका म्हणाले. "मी आहे."



"आई कुठाय?"

"इथंच आहे. तिच्या तोंडाला लेप लावलाय. पार्लरमधे आहोत."

"तुम्ही? पार्लरमधे?" आणि मग एकदम बारीक आवाजात, "बाबा, तुम्ही पोचलात?"

"पोचलो. म्हणजे आधी दुसरीकडं गेलो होतो." काकांनी घसा साफ केला. पुढचं वाक्य छत्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. "मी चुकलो. तीनशे चाळीस मीटर. नकाशा चुकीचा होता, आणि मला ते बारा वर्षांपूर्वी कुणी तरी लिहून कळवलं होतं, तेव्हा ऐकलं नाही."

"मीपण चुकले, बाबा."

"किती?"

"एक मैल. मी कॅप्टनकडं दोन मैल मागितले होते, मार्ग तेवढा बाजूला न्यायला. घराकडचं काम आहे, असं मी सांगितलं. त्यांनी एकच दिला. म्हणाले, नुसत्या पाण्यात कुणाचं घर असतं?" ती हसली, पण ते हसणं नीट आलं नाही. "त्यामुळं मी एक मैल उत्तरेलाच राहिले."

"उत्तरेला म्हणजे इकडं दक्षिणेला," काका पुटपुटले. "म्हणजे इस्पितळामागच्या मैदानात." तिथं त्या वेळी कुणीच नव्हतं. काकांच्या डोळ्यांसमोर ते रिकामं मैदान उभं राहिलं, आणि त्याच्या खालून कुणी तरी बरोबर वेळेवर येऊन गेलेलं.

"तिथं काय दिसतं?" त्यांनी विचारलं. दोन वर्षं नऊ महिन्यांत त्यांनी तिला आकडा सोडून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"काही नाही, बाबा. अंधार. पाणी. सगळ्या बाजूंनी सारखंच. सगळ्यांत जवळची माणसं किती तरी दिवसांवर आहेत. मी जहाजाच्या ब्रिजवर दिवे मंद करून उभी होते. बूट काढले होते. कॅप्टननं पाहिलं असतं तर जबानी घेतली असती."

काकांनी आपल्या पायांकडं पाहिलं. जोडे दाराशी तसेच पडले होते.

"लोखंड गार असेल," ते म्हणाले.

"खूप."

"मोजे घालत जा." मग त्यांना वाटलं, हे पुरेसं नाही. "पुन्हा कधी जाणार तिकडून?"

"परतताना. पाच महिन्यांनी. तेव्हा मी आधीपासून मागून ठेवीन कॅप्टनकडं, दोन मैल पुरते..."

"काही मागू नकोस," काका म्हणाले. "कुणाच्या विनवण्या करायच्या नाहीत. तू तुझी सरळ जा, जहाज जाईल तशी. मला फक्त आदल्या दिवशी कळव, कुठून जातेस ते. सरकायचं ते मी सरकेन."

 इकडं खुर्चीत काकूंच्या डोळ्याखाली लेपाला एक बारीक तडा गेला. तो गालावरून हनुवटीपर्यंत उतरला, आणि त्याच्या शेजारी दुसरा निघाला.

"काकू," पार्लरवाली हताश होऊन म्हणाली, "हलायचं नाही म्हटलं होतं ना?"